‘फोटो एडिटेड आहे’ एवढं कळलं की पुरतं का?

‘मॉडेलचे फोटो एडिट केलेले असतात हे मुलींना एकदा सांगा, मग मनावर परिणाम होत नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतं. फ्रान्समध्ये तर 2017 पासून जाहिरातीतलं शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं, तर ‘फोटोत फेरफार’ अशी ओळ छापावी लागते.

पण अशा ओळींवर झालेल्या बहुतेक प्रयोगांत फारसा फायदा दिसला नाही. ओळ वाचूनही स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी तशीच राहिली. कारण तुलना आधी होते, विचार मागून येतो. शिवाय रोज तसलीच कंबर बघून डोळ्यांना तीच नॉर्मल वाटायला लागते.

एखाद्या फोटोवर पडताळून बघा. कमरेमागची दाराची चौकट किंवा फरशीची रेघ वाकलीय का? वाकली असेल तर बहुधा फेरफार पकडलात. आता आरशासमोर बरं वाटतंय का? त्यापेक्षा असे फोटो टाकणारी अकाउंट आठवडाभर म्यूट करून फरक जोखा.

मात्र नुसत्या फोटोंनी अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढेल या भीतीनं खाणं तोडण्याचा आजार) होतो, हेही खरं नाही. आनुवंशिकता, चिंता करणारा स्वभाव, कडक डाएट, घरातले ‘किती सुटलीस गं’ छापाचे टोमणे, सगळ्यांचाच वाटा असतो. (मुलगेही सुटत नाहीत, त्यांच्यामागे सिक्स-पॅक लागलेला असतो.) आणि वजन नॉर्मल असूनही खाण्याशी संबंधित असा आजार असू शकतो. कुणी सतत जेवण टाळत असेल, जेवल्याबरोबर बाथरूम गाठत असेल, तर वजनकाट्यावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.