इंटरॅक्टिव्ह रिपोर्टिंग : मोठ्या उद्योगांतील वापर

वाचणाऱ्याला स्वतः उलगडून पाहता येईल अशा संगणकीय अहवालाला इंटरॅक्टिव्ह रिपोर्टिंग म्हणतात. छापील अहवालात जेवढे मांडले तेवढेच दिसते. इथे मात्र एकूण थकबाकीच्या आकड्यावर क्लिक केले की तो विभागवार फुटतो, आणि विभागातून शाखेत, शाखेतून खात्यापर्यंत उतरता येते. या उतरण्याला कार्यालयांत ‘ड्रिल डाउन’ म्हणतात. मुंबईतल्या बँका आणि विमा कंपन्यांत हे काम बहुधा ‘एमआयएस’ (व्यवस्थापनासाठीची माहिती-प्रणाली) या नावाखाली चालते.

आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्येच ‘बिझनेस इंटेलिजन्स’ (निर्णयांसाठी व्यवसायातली माहिती गोळा करून वापरणे) या विषयावर निबंध लिहिला होता. १९९३ मध्ये संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी बहुअंगी विश्लेषणासाठी, म्हणजे एकच आकडा शाखा, महिना अशा अनेक अंगांनी पाहण्यासाठी, ‘ओलॅप’ ही संज्ञा मांडली आणि त्या दशकात अशी सॉफ्टवेअरे मोठ्या कंपन्यांत रुजली. पुढे बरीचशी बड्या कंपन्यांनी विकत घेतली : अशी सॉफ्टवेअरे बनवणारी ब्रायो ही कंपनी २००३ मध्ये हायपेरियनकडे आणि हायपेरियन २००७ मध्ये ओरॅकलकडे गेली. आज टॅब्लो आणि २०१५ मध्ये आलेले पॉवर बीआय या अहवाल-साधनांची नावे अधिक कानावर पडतात.

रोजचे व्यवहार ज्या प्रणालीत नोंदले जातात, तिच्यावर सहसा थेट अहवाल चालवत नाहीत. जड प्रश्नांनी ती मंदावते आणि काउंटरवरचे काम अडते. म्हणून ‘डे एंड’ (दिवसाचे व्यवहार बंद करण्याचे काम) झाल्यावर रात्री माहिती डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे अहवालांसाठीच्या वेगळ्या साठ्यात, उतरवतात. अशा ठिकाणी सकाळी दिसणारा आकडा काल रात्रीपर्यंतचा असतो.

रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही मोठे शेअर बाजार आणि अनेक बँकांची मुख्यालये मुंबईतच असल्याने आकड्यांची मागणी इथे कायमची. रिझर्व्ह बँकेचा भारतीय अर्थव्यवस्थेचा डेटाबेस सर्वांना खुला असून कर्जे, ठेवी, परकीय चलन यांच्या मालिका त्यात हव्या तशा निवडून पाहता येतात. या क्षेत्रात शिरणाऱ्याने सरावासाठी तो जरूर वापरावा.

खरी अडचण सॉफ्टवेअरपेक्षा व्याख्यांत असते. एका ग्राहकाचे गृहकर्ज आणि वाहनकर्ज एकाच बँकेत आहे, आणि वाहनकर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला आहे असे समजू. अनुत्पादक कर्जाचे (एनपीए, म्हणजे परतफेड थकलेल्या कर्जाचे) वर्गीकरण कर्जदारानुसार होते, खात्यानुसार नाही. त्यामुळे गृहकर्जाचे हप्ते वेळेवर येत असले तरी तेही अनुत्पादक ठरते. वसुली विभागाचा डॅशबोर्ड (मुख्य आकडे एकत्र दाखवणारा पडदा) खात्यामागे थकलेले दिवस मोजत असेल तर त्यात एकच खाते येईल, लेखा विभागाच्या डॅशबोर्डमध्ये दोन. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण बैठकीत दोघे समोरासमोर आले की चर्चा वसुलीची न होता आकड्याची होते. म्हणूनच पडदा रंगवण्याआधी ‘थकीत’, ‘चालू ग्राहक’, ‘नवा व्यवसाय’ यांचे अर्थ लिहून, त्यावर संबंधित विभागांच्या सह्या घ्याव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते.

काही अडचणी इथल्याच मातीतल्या. परदेशी साच्यातले वर्ष जानेवारीत सुरू होते. आपली पहिली तिमाही एप्रिल ते जून. हे सुरुवातीलाच बदलले नाही तर वर्षारंभापासूनची प्रत्येक बेरीज चुकते. संचालकांना आकडे कोटीत हवे असतात, पडद्यावर ते मिलियनमध्ये येतात. शहराचे अधिकृत नाव १९९५ मध्ये बदलले, तरी जुन्या ग्राहकनोंदींत ‘बॉम्बे’ राहिलेले असते. मग फिल्टरमध्ये एकाच शहराच्या दोन ओळी दिसतात आणि एक निवडली की दुसरीतले ग्राहक गळतात. ठाणे आणि नवी मुंबई ‘मुंबई विभागा’त धरायची की नाही, हेही कंपनीतला प्रत्येक विभाग आपल्या सोयीने ठरवतो.

कोणाला काय दिसावे हा प्रश्न मोठ्या उद्योगांत नाजूक असतो. शाखा व्यवस्थापकाला आपल्या शाखेच्या, विभागप्रमुखाला आपल्या विभागाच्याच ओळी दिसाव्यात, अशी ओळनिहाय बंधने बहुतेक साधनांत घालता येतात. ती एक्सेलमध्ये फाइल उतरवेपर्यंतच टिकतात. एकदा उतरवलेली फाइल ईमेलने फिरू लागली की ती कोणी उघडली याची नोंद प्रणालीत राहत नाही. त्यामुळे ग्राहकाचे नाव किंवा मोबाइल क्रमांक असलेल्या अहवालांवर उतरवण्याची सोय बंद ठेवणे, किंवा ते रकाने झाकूनच फाइल देणे इष्ट. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यापासून ही काळजी कायदेशीर जबाबदारीशीही जोडली गेली आहे.