लग्नाचा पेन ड्राइव्ह, कोडी आणि चिपमधला डिकोडर

लातूर, नांदेड, परभणीकडे टीव्हीमागे रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड, म्हणजे एका पाटीवरचा कॉम्प्युटर, लावून कोडी हे व्हिडिओ पाहायचं सॉफ्टवेअर चालवणं सोयीचं पडतं. वीज मोजके वॅट लागते, लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर आरामात चालतं. अडतं ते एका ठिकाणी: लग्नाच्या व्हिडिओवाल्याने दिलेला पेन ड्राइव्ह लावला की चित्र अडखळतं. बोर्ड किती गिगाहर्ट्झचा आहे यावरून त्याचा उलगडा होत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती बदलत गेल्या: लग्नाच्या व्हीसीडीत एमपीईजी-1 होतं, डीव्हीडीत एमपीईजी-2. पुढे एच.264 आलं, ज्याचं मानक 2003 चं. आता 4के शूटिंग बऱ्याचदा एचईव्हीसीत मिळतं, ते मानक 2013 चं. दर पिढीत फाइल लहान होत गेली आणि ती उलगडायचं गणित वाढत गेलं. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये सुमारे 20 लाख 70 हजार पिक्सेल. सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे सव्वासहा कोटी पिक्सेल. हे काम लहान सीपीयूवर, म्हणजे मुख्य प्रोसेसरवर, टाकलं तर तो तापतो आणि मागे पडतो. म्हणून चिपमध्ये याच गणितासाठी वेगळा भाग असतो, तो हार्डवेअर डिकोडर.

कोडीचं जुनं नाव एक्सबीएमसी. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर, 733 मेगाहर्ट्झच्या इंटेल प्रोसेसरवर ते वाढलं आणि तिथे सगळं डिकोडिंग सीपीयूच करायचा. फेब्रुवारी 2012 मध्ये रास्पबेरी पाय आला, त्याचा सीपीयू 700 मेगाहर्ट्झचा. तरीही त्यावर 1080पी एच.264 सुरळीत चालायचं, कारण ते काम चिपमधला वेगळा भाग, ब्रॉडकॉमचा व्हिडिओकोअर, करत होता. ओपनमॅक्स नावाच्या इंटरफेसमधून एक्सबीएमसी त्याच्याशी बोलायचं. एमपीईजी-2 मात्र बंद होतं. त्याची लायसन्स की 2.40 पौंडांना वेगळी घ्यावी लागे आणि ती त्या एकाच बोर्डाच्या सीरियल नंबरला बांधलेली असे. डीडी फ्री डिशचे बरेच चॅनेल एमपीईजी-2 मध्येच येतात, तेव्हा ट्यूनर लावून ते पाहणाऱ्याला हा खर्च टळत नव्हता.

खरी ओढाताण इतर चिपांवर झाली. ऑलविनर, रॉकचिप, अॅमलॉजिक या चिप कंपन्यांच्या डिकोडरमध्ये ताकद भरपूर होती, पण प्रत्येकाचा रस्ता निराळा: कंपनीचा जुना कर्नल (लिनक्सचा गाभा), कंपनीची बंद लायब्ररी. कर्नल बदलला की व्हिडिओ बंद. ऑलविनरचा डिकोडर स्वयंसेवकांनी कागदपत्रांशिवाय, चिपमधली नियंत्रणाची रजिस्टर तपासत तपासत उलगडला. 2018 मध्ये बूटलिन या फ्रेंच कंपनीने लोकवर्गणी काढून त्याच कामावर सेड्रस हा खुला ड्रायव्हर उभा केला आणि तो लिनक्स कर्नलच्या 4.20 या आवृत्तीत आला. ऑलविनर आणि रॉकचिपचे डिकोडर स्वतः काही लक्षात ठेवत नाहीत. फाइलचे हेडर वाचून, कुठल्या जुन्या फ्रेम लागतील ते ठरवून, प्रत्येक फ्रेमसोबत सगळी माहिती सॉफ्टवेअरनेच द्यायची असते. त्यासाठी कर्नलमध्ये रिक्वेस्ट एपीआय हा नवा इंटरफेस घालावा लागला, तोही 4.20 मध्येच. एच.264 साठीचा इंटरफेस पक्का व्हायला 5.11 उजाडलं, म्हणजे 2021. या संथ, चिकाटीच्या कामाचं मोल मला कुठल्याही नव्या चिपच्या घोषणेपेक्षा जास्त वाटतं. आज सर्वसाधारण लिनक्सवर कोडी चालतं ते त्याच्या जोरावर.

कोडीनेही 2019 च्या आवृत्ती 18 पासून तोच सामाईक मार्ग धरला: डिकोड झालेली फ्रेम मेमरीत पुन्हा कॉपी न करता थेट पडद्याकडे जाते. याची किंमत जुन्या बोर्डांनी मोजली. कोडीसाठीच बनवलेल्या लिबरइलेक या लिनक्सच्या 2021 च्या आवृत्तीने पहिला पाय आणि पाय झिरो सोडून दिले. अॅमलॉजिकवाल्यांसाठी असलेलं कोअरइलेक हे तसंच दुसरं लिनक्स चिप कंपनीच्याच कर्नलवर राहिलं.

पाय 4 मध्ये 2019 ला 4के एचईव्हीसीचा डिकोडर आला, एच.264 चाही होता. 2023 च्या पाय 5 मधून मात्र एच.264 चा डिकोडर काढला, एचईव्हीसीचा ठेवला. सीपीयू वेगवान असल्याने फुल एचडी तो सहज पेलतो, पण काम आणि उष्णता सीपीयूवरच येते. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना टीव्हीच्या मागे बंद डब्यात बसवलेल्या पाय 5 ला म्हणूनच पंखा लावावा. व्हीपी9 आणि एव्ही1 साठी तर दोन्ही पायमध्ये हार्डवेअर डिकोडर नाही, आणि यूट्यूबचं 4के याच दोन फॉरमॅटमध्ये येतं.