इप्सिलँटीचे तीन ख्रिस्त : चित्रपटामागचं प्रकरण

जॉन अव्हनेटचा 'थ्री क्राइस्ट्स' २०१७ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. अमेरिकेत तो पडद्यावर यायला मात्र २०२० उजाडलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या चित्रपटवेड्या मंडळींनी तो घरबसल्या पाहिला आणि पहिला प्रश्न हाच आला की असं खरंच घडलं होतं का? घडलं होतं. फक्त रिचर्ड गिअरचा कनवाळू डॉक्टर पाहून वाटतं तितकं ते गोड नव्हतं.

१ जुलै १९५९ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, इप्सिलँटीच्या सरकारी मनोरुग्णालयात तीन माणसांना समोरासमोर बसवलं गेलं. क्लाइड सत्तरीचा, जोसेफ साठीच्या अलीकडचा आणि लिऑन चाळिशीच्याही आतला. तिघांचीही ठाम समजूत एकच होती, येशू ख्रिस्त तो मीच. त्यांना एकत्र आणणारे मिल्टन रोकीच हे औषधं देणारे डॉक्टर नव्हते. ते सामाजिक मानसशास्त्रज्ञ होते, मिशिगन स्टेट विद्यापीठातले. 'मी कोण' ही माणसाची सर्वांत तळची श्रद्धा, तिला धक्का दिला तर काय होतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्याची चुणूक त्यांना घरीच मिळाली होती. जेवणाच्या टेबलावर त्यांनी आपल्या दोन लहान मुलींना मुद्दाम एकमेकींच्या नावाने हाक मारली. आधी मुली हसल्या, थोड्याच वेळात घाबरल्या आणि हा खेळच आहे ना, असं विचारू लागल्या.

कल्पना अगदी नवी नव्हती. सतराव्या शतकात सिमों मोरँ नावाचा फ्रेंच माणूस स्वतःला देवाचा अवतार समजत असे. वेड्यांच्या इस्पितळात त्याला स्वतःला परमपिता म्हणवणारा दुसरा भेटला. त्याचं वेड पाहून मोरँला आपलं कळलं आणि तो काही काळ शुद्धीवर आला, असं व्हॉल्तेअरने लिहून ठेवलं आहे. पुढे तो पुन्हा घसरला आणि १६६३ साली पॅरिसमध्ये त्याला जाळण्यात आलं. रोकीचना या कथेचा पूर्वार्ध हवा होता.

तिघांच्या खाटा शेजारी शेजारी लावल्या, जेवण एकत्र, काम एकाच धुलाईघरात. रोज बैठक, आणि अध्यक्षपद आळीपाळीने. सुरुवातीला भांडणं झाली, मारामारीही झाली. पण कोणी आपला दावा सोडला नाही. प्रत्येकाने बाकीच्या दोघांचा निकाल आपल्यापुरता लावून टाकला. क्लाइडच्या मते ते दोघे जिवंतच नव्हते, त्यांच्या आतली यंत्रं बोलत होती. जोसेफचं म्हणणं सरळ होतं, हे वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण आहेत, म्हणजे वेडेच असणार! लिऑनने त्यांना दुय्यम दर्जाचे देव ठरवलं. आपल्याकडे हे तिघे ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या चौकात एका बाकावर बसले असते तर कोणीतरी दत्ताची तीन मुखं म्हणून हारही घातला असता. पण हा माझा आगाऊपणा झाला. वागायला तिघेही हळूहळू शहाणे झाले होते. भांडण होईल असा विषय निघाला की ते टाळत.

म्हणजे प्रयोग फसला होता, आणि खरी काळजी करावी असा भाग इथून पुढे सुरू होतो. लिऑनने मनातल्या मनात एक बायको उभी केली होती. तिच्या नावाने रोकीच त्याला पत्रं लिहू लागले. पत्रात कधी पैसे असत, ते इतर दोघांबरोबर वाटून घे अशी सूचना असे, आणि तो बिचारा वाटे. जोसेफला रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या नावाने पत्रं आणि त्यांच्याबरोबर औषध म्हणून नुसत्याच निरुपद्रवी गोळ्या. लिऑनला यातलं बरंच कळत असावं. मानसशास्त्र माणसाला डिवचायला वापरलं की ते मदत करत नाही, असं त्याने बैठकीत तोंडावर सुनावलं होतं. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात सर्वांत नेमकं बोलणारा माणूस तोच. ऑगस्ट १९६१ मध्ये प्रयोग थांबला तेव्हा तिघेही होते तसेच ख्रिस्त होते.

या प्रयोगावरचं रोकीच यांचं पुस्तक १९६४ साली आलं. त्याच वर्षी हेलसिंकीत जागतिक वैद्यक संघटनेने माणसांवरच्या संशोधनाचे नियम मांडले, हा योगायोगच. तोवर बंद दवाखान्यातल्या माणसाला विचारायचं असतं, हे कुणाच्या फारसं डोक्यात नव्हतं. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. क्लोरप्रोमझिन हे मनोविकारावरचं औषध नुकतंच आलं होतं आणि विजेचे झटके सर्रास चालत. चित्रपटातला डॉक्टर या झटक्यांविरुद्ध उभा राहतो आणि त्यामुळे आपल्याला जवळचा वाटतो. मूळ प्रयोगाचा गाभा तो नव्हता. हा बदल मला सोयीचा वाटतो, कारण त्याने फसव्या पत्रांचा डंख बोथट होतो.

रोकीचना स्वतःला मात्र तो पुढे बोचला. १९८४च्या आवृत्तीत त्यांनी जोडलेल्या टिपणात कबुली आहे की विज्ञानाच्या नावाखालीसुद्धा या माणसांच्या आयुष्यात देव होऊन ढवळाढवळ करायचा आपल्याला हक्क नव्हता. तिघांचा भ्रम आपण बरा करू शकलो नाही, त्यांनी आपला केला, असंही ते म्हणतात.

ग्वाल्हेरच्या वाचकाला हे फार दूरचं वाटू नये. इथली मानसिक आरोग्यशाळा १९३५ची, शिंदे संस्थानाच्या काळातली. रोकीच प्रयोग करत होते तेव्हा आपल्याकडे १९१२चा 'लुनसी अ‍ॅक्ट' हा वेड्यांविषयीचा कायदा चालू होता, म्हणजे माणूस आधी कैदी आणि मग रुग्ण. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९७ मध्ये आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर या तिन्ही संस्थांवर देखरेखीचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल न देता विजेचे झटके देण्यावर बंदी घातली, आणि मनोरुग्णावर संशोधन करायचं तर त्याची मोकळी, समजून दिलेली संमती घ्यावी लागते. त्या बनावट बायकोची पत्रं या कायद्यापुढे टिकली नसती.

चित्रपट पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डॉक्टरचं नाव तिथे बदलून अ‍ॅलन स्टोन केलं आहे. क्लाइड बेन्सन, जोसेफ कॅसल, लिऑन गॅबर ही रुग्णांची नावं तशीच ठेवली आहेत, आणि ती पुस्तकातच त्यांची ओळख लपवण्यासाठी दिलेली होती.