"डीएम करा" कुठून आलं: तक्रार, ब्लॉग आणि कम्युनिटीची पार्श्वभूमी

सोशल मीडियावर कुठल्याही कंपनीची तक्रार टाकली की थोड्या वेळाने खाली उत्तर येतं, "गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया तुमचा ऑर्डर नंबर आम्हाला डीएम करा." डीएम म्हणजे डायरेक्ट मेसेज, फक्त दोघांनाच दिसणारा खासगी निरोप. हे वाक्य आता इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विशेष आहे असं कोणाला वाटतच नाही. पण गेल्या वीसेक वर्षांत ग्राहकसेवा, ब्लॉगिंग आणि ऑनलाइन कम्युनिटी या तिघांचं एकमेकांत गुंतून जे काय झालं ते समजून घ्यायचं तर या "डीएम करा"पासूनच मागे जावं लागतं. मी स्वतः काही वर्षं अशी उत्तरं लिहायचं काम केलंय, त्यामुळे त्या बाजूबद्दल जरा जास्त लिहिलं जाईल.

१९७८चा पहिला बुलेटिन बोर्ड, १९८०चं यूजनेट, नंतरचे फोरम, या सगळ्या ऑनलाइन चर्चेच्या जुन्या जागा, त्यांच्या तपशिलात शिरत नाही. त्यातली एकच गोष्ट इथे कामाची, ती म्हणजे तिथे प्रश्न चारचौघात विचारला जायचा आणि उत्तरही चारचौघातच मिळायचं, त्यामुळे एकाला मिळालेलं उत्तर पुढच्या शंभर जणांच्या कामी यायचं. मॉडेम चालत नाही म्हणून कोणी विचारलं तर सांगणारा बहुतेकदा कंपनीचा माणूस नसायचाच, ज्याचा तसाच मॉडेम आदल्या महिन्यात बिघडला होता तो असायचा. कंपनीची ग्राहकसेवा वेगळीकडे, फोनच्या पलीकडे, तक्रार क्रमांक घ्या आणि वाट बघा, आणि आपल्यासारखे आणखी किती जण ताटकळलेत हे कळायला काही मार्गच नाही.

ही दोन जगं पहिल्यांदा समोरासमोर आली ती ब्लॉगमुळे. १९९९मध्ये फुकटात ब्लॉग काढून देणाऱ्या सेवा आल्या, पाठोपाठ प्रत्येक पोस्टला स्वतःचा कायमचा पत्ता मिळाला, खाली कमेंट आल्या, २००२मध्ये ट्रॅकबॅक आला, म्हणजे मी तुझ्या पोस्टबद्दल माझ्या ब्लॉगवर लिहिलं की तुझ्या पोस्टखाली आपोआप नोंद पडायची. जून २००५मध्ये एका पत्रकाराने आपल्या ब्लॉगवर लिहिलं की नवाकोरा लॅपटॉप बिघडलाय, घरी येऊन दुरुस्ती करण्याचे जास्तीचे पैसे भरलेत, आणि आता कंपनी म्हणतेय की घरी येणाऱ्या माणसाकडे पार्टच नसतील, मशीन आमच्याकडे पाठवा. खाली "माझंही असंच झालंय" म्हणणाऱ्यांची रीघ लागली, बाकीच्या ब्लॉगांनी त्याला जोडून लिहिलं आणि फोनच्या पलीकडे एकेकटे ताटकळणारे लोक एका पानावर एकत्र दिसायला लागले. त्या कंपनीचं त्यावेळचं धोरण होतं की ब्लॉग वाचायचे पण उत्तर द्यायचं नाही. वर्षभराने, जुलै २००६मध्ये, त्याच कंपनीने स्वतःचा ब्लॉग काढला आणि तेवढ्यात तिच्या एका लॅपटॉपने पेट घेतल्याचे फोटो नेटवर फिरत होते, तर त्यावरही तिथे लिहिलं. ऑगस्टमध्ये ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या गेल्या. नावडतं असलं तरी स्वतःच्या पानावर लिहायचं आणि खाली लोकांना बोलू द्यायचं, हे मोठ्या कंपन्यांसाठी खरोखर नवीन होतं. मला अजूनही वाटतं की सगळ्या प्रकारांत हाच प्रकार सर्वात प्रामाणिक होता.

मग ट्विटर (आताचं एक्स). एप्रिल २००८मध्ये एका केबल कंपनीतला एक कर्मचारी ट्विटरवर कंपनीचं नाव शोधून, शिव्या घालणाऱ्या लोकांना स्वतःहून "काही मदत करू का?" असं विचारायला लागला. हे कुठल्या मोठ्या योजनेतून आलं नव्हतं, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत असंख्य कंपन्यांनी तसंच हँडल, म्हणजे @ने सुरू होणाऱ्या नावाचं खातं, काढलं. तेव्हाच्या उत्तरांच्या शेवटी एक छोटं टोपीसारखं चिन्ह आणि त्यापुढे उत्तर देणाऱ्याची आद्याक्षरं असायची. ट्वीटच्या तेव्हाच्या १४० अक्षरांच्या मर्यादेत तीन-चार अक्षरं यावर खर्च करणं म्हणजे चैनच, पण त्यामुळे समोर कंपनी नाही, कोणीतरी माणूस बसलाय हे कळायचं. दुसऱ्या दिवशी लोक त्याच आद्याक्षरांना हाक मारून "काल तुम्ही सांगितलं ते झालं बरं का" असं कळवायचे, आणि ते वाचून पुढचा दिवस सोपा जायचा.

जुलै २००९मध्ये एका संगीतकाराने विमान कंपनीने फोडलेल्या आपल्या गिटारवर गाणं करून व्हिडिओ टाकला. भरपाईसाठी तो कित्येक महिने पत्रव्यवहार करत होता, त्यातून जे झालं नव्हतं ते व्हिडिओने काही दिवसांत केलं. हा किस्सा प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतो. माझ्या मते त्याच्या दोन महिने आधीचा एक निर्णय याहून मोठा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मे २००९पर्यंत ट्विटरच्या सेटिंगमध्ये एक पर्याय होता. तुम्ही ज्यांना फॉलो करता ते जर तुम्हाला माहीत नसलेल्या कोणाला उत्तर देत असतील, तर ते उत्तरही तुम्हाला बघायचंय का? "हो" केलं की अर्धवट संवाद ऐकू यायचे, आणि त्यातूनच नवीन माणसं सापडायची. हा पर्याय एके दिवशी काढून टाकला. आधी कारण दिलं की लोकांचा गोंधळ होतो. आरडाओरडा झाल्यावर सांगितलं की फक्त ३ टक्के खात्यांनीच हे सेटिंग कधी बदललं होतं पण सिस्टमवर त्याचा ताण येतो. म्हणजे अडचण तांत्रिक होती, आणि ती खरीच असेल, त्या काळात ट्विटर सारखं बंद पडायचं. पण परिणाम काय झाला बघा. ट्वीटची सुरुवात कंपनीच्या हँडलने केली की ते फक्त तुम्हा दोघांनाही फॉलो करणाऱ्यांच्या फीडमध्ये दिसणार, बाकीच्यांना नाही. तक्रार सार्वजनिक होती, कोणीही तुमच्या प्रोफाइलवर जाऊन वाचू शकत होतं, पण प्रत्यक्षात जात कोण होतं?

लोकांनी यावर उपाय काढला तो टिंबाचा. हँडलच्या आधी एक टिंब दिलं की ट्वीट हँडलने सुरू होत नाही, त्यामुळे ते सगळ्या फॉलोअर्सना दिसतं. ते टिंब म्हणजे ग्राहकाने जाणूनबुजून केलेली निवड होती, मला हे चारचौघात बोलायचंय. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवलं जायचं, टिंब असलेलं आधी घ्या, बिनटिंबाचं नंतर. बिनटिंबाचा माणूस बहुतेकदा गरजू असायचा, त्याला फक्त आपलं काम व्हायला हवं होतं, आणि तोच मागे राहायचा. हे मला तेव्हाही पटायचं नाही. मे २०१६मध्ये ट्विटरने जाहीर केलं की आता टिंबाची गरज राहणार नाही, नवं ट्वीट हँडलने सुरू झालं तरी सगळ्यांना दिसेल. तोपर्यंत सात वर्षांत सवयी घडून गेल्या होत्या.

त्याच सात वर्षांत दुसरीकडून डीएम येत होता. सुरुवातीला जो तुम्हाला फॉलो करतो त्यालाच डीएम पाठवता यायचा. त्यामुळे कंपनीला आधी चिडलेल्या ग्राहकाला फॉलो करावं लागायचं, त्याला सांगावं लागायचं की तुम्हीही आम्हाला फॉलो करा, मग नंबर पाठवा. ज्या माणसाचं सामान दोन दिवस बेपत्ता आहे त्याला "आम्हाला फॉलो करा" असं लिहिताना हात थांबायचा. सप्टेंबर २०१३मध्ये एका प्रवाशाने तर वडिलांचं सामान हरवलं म्हणून स्वतःच्या खिशातून पैसे देऊन तक्रारीचीच जाहिरात चालवली, जेणेकरून ती त्या विमान कंपनीच्या फॉलोअर्सना दिसेल. कंपनीने बऱ्याच उशिराने उत्तर दिलं की आमचं ट्विटर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ चालू असतं. विमानं मात्र चोवीस तास उडत होती.

एप्रिल २०१५मध्ये कोणाकडूनही डीएम घ्यायची सोय सगळ्यांना मिळाली, ऑगस्टमध्ये डीएमची १४० अक्षरांची मर्यादा गेली, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये उत्तरातच एक बटण टाकायची सोय झाली, दाबलं की थेट खासगी खिडकी उघडते. "डीएम करा" हे आजचं वाक्य तिथे पक्कं झालं.

याच्या बाजूने बोलायचं तर ऑर्डर नंबर, पत्ता, फोन नंबर हे चारचौघात मागताच येत नाही, आणि मागूही नये. ते कोणी नाकारत नाही. वाद आहे तो उत्तराबद्दल. माहिती खासगीत घ्या, पण उपाय बाहेर येऊन सांगा, एवढंही होईना. प्रश्न बाहेर, उत्तर आत. सेटिंगमधला अमुक पर्याय बंद केला की ॲप चालतं, हे मी एकाच दिवसात चाळीस जणांना चाळीस वेगवेगळ्या खिडक्यांत लिहिलंय आणि एक्केचाळिसाव्याला ते शोधून सापडत नव्हतं. वरिष्ठांना विचारलं तर सांगायचे की बाहेर लिहिलं तर अडचण मोठी दिसते.

फेसबुकवर हे थोडं निराळ्या वाटेने झालं, पण पोचलं तिथेच. पेजच्या भिंतीवर तक्रारी यायच्या, मग पेजवर "लवकर उत्तर देतात" असा बिल्ला आला. पण त्यात मोजले जायचे ते खासगी मेसेज. भिंतीवरच्या कमेंटला उत्तर दिलं काय नि नाही दिलं काय, बिल्ल्याला फरक नाही.

ब्लॉगचं काय झालं ते याला जोडूनच आहे. ट्रॅकबॅक स्पॅमने, म्हणजे फुकट जाहिरातीसाठी टाकलेल्या खोट्या नोंदींनी, मेला. जानेवारी २००५मध्ये कमेंटमधल्या लिंकना सर्च इंजिनने वजन देऊ नये अशी खूण आली, तीही स्पॅमसाठीच. मग चर्चा फेसबुक-ट्विटरवर सरकली, लोक पोस्ट वाचायचे ब्लॉगवर आणि बोलायचे दुसरीकडे, लेखकाला आपल्याच लेखावर काय बोललं गेलं ते कळायचं नाही. १ जुलै २०१३ला गूगल रीडर, म्हणजे अनेक ब्लॉगांच्या नव्या पोस्ट एकाच जागी वाचायची सोय, बंद झालं तेव्हा अनेक छोट्या ब्लॉगांचे नेहमीचे वाचक एका दिवसात विखुरले. कंपन्यांचे ब्लॉग उरले, पण त्यांच्या खालच्या कमेंट बंद झाल्या.

"कम्युनिटी" हा शब्दही या सगळ्यात ताणून ताणून पातळ झाला. आधी कम्युनिटी म्हणजे एकमेकांना नावाने नाहीतर निदान टोपणनावाने ओळखणारे लोक. मग पेज लाइक केलेले लाखभर लोक म्हणजे "आमची कम्युनिटी", जरी त्यांतल्या कोणीही एकमेकांशी एक शब्द बोललेला नसला तरी. मग कंपनीच्या सपोर्ट विभागालाच कम्युनिटी म्हणायला लागले, जिथे ग्राहकच ग्राहकांना उत्तरं देतात आणि कंपनी त्यांना पॉइंट देते. खऱ्या अर्थाची कम्युनिटी बंद ग्रुपांत, डिस्कॉर्ड या ग्रुप-गप्पांच्या ॲपवर, व्हॉट्सॲपवर गेली, जिथे ती छान चालते पण बाहेरून शोधता येत नाही. जून २०२३मध्ये रेडिट या चर्चा-समूहांच्या साइटने बाहेरच्या ॲपना लावलेल्या दरांच्या निषेधात हजारो समूहांनी दारं बंद केली, तेव्हा त्या दिवसांत सर्चमध्ये उत्तर दिसायचं आणि उघडायला गेलं की कुलूप. किती जणांची रोजची अडचण पगार न घेणाऱ्या लोकांच्या जुन्या उत्तरांवर चालली होती हे तेव्हा दिसलं.

आता ग्राहकसेवा बरीचशी व्हॉट्सॲपवर आहे, बिझनेस ॲप जानेवारी २०१८मध्ये आलं. मोठ्या कंपन्या वापरतात त्या व्हॉट्सॲपच्या वेगळ्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर मात्र कंपनीला ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासच मोकळेपणाने लिहिता येतं, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला साचाच पाठवावा लागतो. नको ते मेसेज येऊ नयेत म्हणून नियम चांगला आहे. पण दुरुस्तीला तीन दिवस लागले तर चौथ्या दिवशी माणूस साच्यातूनच बोलतो.

आणि नोव्हेंबर २०२२पासून ट्विटरची, खातं खरं असल्याचं सांगणारी निळी खूण पैसे देऊन मिळायला लागली, जुन्या खुणा एप्रिल २०२३मध्ये काढल्या गेल्या, तेव्हापासून खोट्या सपोर्ट हँडलचं काम सोपं झालंय. तक्रार टाकली की कंपनीच्या आधी तेच पोचतात, तोच लोगो, तीच क्षमस्वची भाषा, आणि तेही म्हणतात डीएम करा. अजून तरी त्या उत्तरांच्या खाली कधीकधी कोणीतरी तिसराच माणूस, ज्याचा ना कंपनीशी संबंध ना तक्रार करणाऱ्याशी, लिहून जातो की हे खातं खोटं आहे, नंबर देऊ नका, खरं हँडल हे आहे.