अभ्यासिकेच्या दारातला गजर

‘सात वाजता अभ्यासाला बस’ असा गजर लावलेल्या मुलाचं साताला काय चाललेलं असतं, ते घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा आठवण वेळेवर न टांगता जागेवर टांगावी, अभ्यासिकेत पाऊल पडलं की फोनने खिशातून ढोसावं, हे कुणाला ना कुणाला सुचणारच होतं. सुचलंही बरंच आधी. वापरात यायला मात्र चांगल्या फोनची वाट बघावी लागली, आणि वापरात आल्यावर आठ-दहा वर्षांतच त्याभोवती अटींचं जाळं विणलं गेलं.

मानसशास्त्राची बाजू थोडक्यात. ‘अमुक वाजता’ लक्षात ठेवणं आणि ‘अमुक दिसलं की’ लक्षात ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हा भेद १९९० च्या सुमारास प्रयोगांतून पुढे आला. दुसरं तुलनेने सोपं, कारण समोरची गोष्टच खूण होते. या विषयात १९७५ चा, पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवरचा प्रयोगही हटकून निघतो: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवतात. २०२१ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक मिळाला नाही, ही गोष्ट फारशी निघत नाही. शिवाय तो प्रयोग पाठांतर आठवण्याबद्दलचा आहे. मुलाला मुळात खुर्चीवर बसवायचं कसं, याच्याशी त्याचा संबंध नाही. हे दोन धागे लोक सर्रास एकत्र वळतात.

तंत्राच्या बाजूने मे २००० महत्त्वाचा. जीपीएसमध्ये नागरी वापरासाठी मुद्दाम घातलेली चूक तेव्हा काढून टाकली गेली, आणि शंभरेक मीटरचा घोळ एकदम दहा-वीस मीटरवर आला. त्याच वर्षी बोस्टनजवळच्या एका प्रयोगशाळेत असं यंत्र तयार होतं, की एका जागी उपग्रहाचा सिग्नल वारंवार तुटला तर तिथे इमारत असणार असं ते ताडायचं आणि तिचं नाव विचारायचं. नाव दिलं की त्या नावाखाली कामांची यादी लावता यायची. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात जागेवर टांगलेल्या आठवणींची दोन आठवडे एक चाचणी झाली, ती जीपीएसशिवाय, नुसत्या मोबाइल टॉवरवर. तिच्यातून निघालेली गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत असायला हवी होती: लोक जागा सांगतात, पण त्यांच्या मनात असतं दुसरंच. ‘घरी पोचल्यावर’ म्हणजे ‘निवांत झाल्यावर’, ‘ऑफिसात’ म्हणजे ‘संगणकासमोर’. जागा ही बदली खेळाडू असते.

मग २०११ मध्ये आयफोनच्या रिमाइंडरमध्ये ही सोय आली आणि २०१३ मध्ये अँड्रॉइडने ती ॲप बनवणाऱ्यांच्या हाती दिली. विद्यार्थ्यांसाठीची छोटी छोटी ॲप निघाली ती यानंतर, बरीचशी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून. बीजिंगमधल्या एका प्रयोगात तर शिकणारा ज्या जागी आहे, त्या जागेला लागणारे चिनी शब्दच फोन पुढे करायचा. तेवढी मजल सगळ्यांनी मारली नाही. आपल्याकडे मागणी साधी होती: अभ्यासिकेत पोचलो की आज कोणता विषय ते सांग.

इथे ‘जिओफेन्स’ या शब्दापाशी थांबावं लागेल. फेन्स म्हटल्यावर कुंपण डोळ्यांसमोर येतं, आणि कुंपण म्हटलं की अडवणूक. प्रत्यक्षात ते नकाशावरचं रिंगण आहे, एक मध्यबिंदू आणि एक त्रिज्या. ते कुणाला अडवत नाही, फक्त कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं एवढं ओळखतं. अँड्रॉइडवर एका ॲपला अशी शंभर रिंगणं आखता येतात, आयफोनवर वीस. त्रिज्या निदान १०० ते १५० मीटर ठेवा, असा सल्ला दिला जातो.

शंभर मीटर म्हणजे किती, ते पुण्याच्या सदाशिव पेठेत उभं राहून बघावं. तिसऱ्या मजल्यावर अभ्यासिका. त्याच इमारतीत खाली मेस. समोर चहाची टपरी, जिथे एमपीएससीची निम्मी चर्चा होते. दोन इमारती पलीकडे मुलाची खोली, तीन जणांत एक. हे सगळं त्याच रिंगणात. ‘राज्यघटना, प्रकरण चौथं’ ही आठवण वाजते तेव्हा मुलगा आमटीत पोळी बुडवत असतो. रिंगण सोडल्याशिवाय फोन पुन्हा बोलणार नाही, आणि दिवसभर तो रिंगण सोडतच नाही. मजला कोणता हे फोनला या हिशेबात कळत नाही. त्यात भर म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी फोन दर क्षणी बघत नाही, दोनेक मिनिटांनी बघतो. काही कंपन्यांचे फोन तर मागे चालू असलेलं ॲप सरळ गुंडाळूनच टाकतात. वर्गातला हुशार मुलगा या ॲपला ‘कधी कधी’ म्हणायचा, ते अगदीच वाईट नाव नव्हतं.

तरीही खरा घाव बसला तो परवानगीच्या निर्णयाने. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने फोनमधल्या ठिकाणांच्या नोंदींचा बाजार कसा चालतो ते उघड केलं. हवामान सांगणारी, कूपन देणारी ॲप माणसाचा दिवसभराचा माग विकत होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. पुढच्या वर्षी आयफोन आणि अँड्रॉइड, दोघांनीही दारं आवळली. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीत ‘ॲप उघडं असतानाच’ आणि ‘नेहमी’ अशा दोन परवानग्या वेगळ्या झाल्या. अकराव्या आवृत्तीत, २०२० मध्ये, ‘नेहमी’ हा पर्याय समोर येणाऱ्या चौकटीतून निघून सेटिंगच्या पोटात गेला. त्याशिवाय अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरमध्ये ॲप ठेवायचं तर मागे राहून ठिकाण बघण्याची गरज का आहे ते लिहून द्या, व्हिडिओ काढून दाखवा, मग मंजुरी.

या निर्णयाच्या बाजूने बोलायला काही कमी नाही. माग विकणाऱ्यांना लगाम हवाच होता. पण एका ताटात वाढू नयेत अशा दोन गोष्टी इथे एकत्र आल्या. रिंगणाचं काम फोनमधल्या फोनमध्ये होतं. यंत्रणा स्वतः बघते, ओलांडलं की ॲपला हाक मारते. ॲपला दिवसभराची वाट कळायची गरज नसते. आयफोनने साध्या सूचनेपुरती ही फट उघडी ठेवली होती. अँड्रॉइडवर मात्र ‘ग्रंथालयात गेलो की सांग’ म्हणणाऱ्यालाही ‘चोवीस तास माझ्या मागे राहा’ हीच परवानगी द्यावी लागू लागली, आणि इथल्या मुलांच्या हातात बहुतांशी अँड्रॉइडच. कुठलाही शहाणा मुलगा ती परवानगी नाकारणार. बरोबरच करेल. बदनाम झाले मोठे व्यापारी, बंद पडले ते कॉलेजातले प्रोजेक्ट.

आणि त्याच २०२० च्या मार्चमध्ये जागाच संपल्या. वर्ग, ग्रंथालय, शिकवणी, खेळ, सगळं एकाच खोलीत. रिंगण ओलांडायला कुणी बाहेरच पडत नव्हतं.

नंतर जे परत आलं त्याचा चेहरा वेगळा होता. २०२१ पासून आयफोनमध्ये ठरलेल्या जागी पोचताच सूचना गप्प करणारा ‘फोकस’ आला. म्हणजे अभ्यासाची आठवण देण्याऐवजी बाकीच्यांची तोंडं बंद करायची. हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. दुसरीकडे तेच रिंगण हजेरीच्या कामाला लागलं. अमेरिकेतल्या काही महाविद्यालयांत वर्गात ब्लूटूथची छोटी यंत्रं बसवून फोनवरून हजेरी घेणं टाळेबंदीच्या आधीच सुरू झालं होतं. भारतात २०२५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या अध्यापकांची हजेरी चेहरा आणि जीपीएस यांवर गेली. तंत्र तेच, रिंगण आखणारा हात बदलला. स्वतःसाठी लावलेली खूण आणि दुसऱ्याने ठेवलेली नजर यांत कोडच्या दोन-चार ओळींचाही फरक नसतो.

मुळात अशा ढोसण्याने अभ्यास वाढतो का, हा प्रश्न या गदारोळात मागे राहिला. कॅनडात सुमारे २५,००० विद्यार्थ्यांवर पाच वर्षं संदेश, ऑनलाइन धडे, मार्गदर्शन असं सगळं करून पाहिल्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. अभ्यासाचे तास किंचित वाढले, गुण वाढले नाहीत. ते संदेश जागेला बांधलेले नव्हते, हे खरं. पण जागेला बांधले असते तर फार वेगळं झालं असतं, असं मानायला सदाशिव पेठेतल्या त्या मेसकडे बघून धीर होत नाही.

भारताच्या २०२३ च्या विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग ठेवायला बंदी आहे, आणि त्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी; या तरतुदी लागू होण्याची तारीख मे २०२७ ठरली. २०२५ च्या नियमांत शिक्षणसंस्थांना मात्र शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती सूट आहे. अकरावीतल्या मुलीवर कॉलेजने नजर ठेवली तर त्याला वाट आहे. तिने स्वतःहून ग्रंथालयाच्या दारावर एक आठवण टांगायची ठरवली, तर ॲपवाल्याने आधी तिच्या आईबाबांना गाठायचं.