चार्जरचं नाक

डॉज चार्जर ही अमेरिकी मोटार दिसायला देखणी होती, पण वाऱ्याशी तिचं अजिबात पटत नसे. 1968 च्या मॉडेलची पुढची जाळी आत ओढून बसवलेली, तर मागची काच दोन उतरत्या खांबांमध्ये खोल गेलेली. रस्त्यावर हे कुणाला खुपलं नाही. नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या ट्रॅकवर मात्र जाळीच्या खोबणीत हवा कोंडून नाक उचललं जाई. मागच्या खळग्यात भोवरे उठून दाब घटे, त्यामुळे गाडी मागे खेचली जाई आणि मागची चाकंही हलकी पडत.

426 घन इंचांचं, म्हणजे सात लिटरचं ‘हेमी’ (अर्धगोलाकार ज्वलनकक्षाचं) इंजिन असताना काळजी कसली? काळजी घनाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी 175 मैलांवरून 200 वर जायचं तर वेग वाढतो 14 टक्के, शक्ती लागते जवळपास दीडपट. आधीच पिळून काढलेल्या इंजिनातून ती आणायची कुठून? त्यापेक्षा पत्रा बदलणं सोपं.

पहिली दुरुस्ती म्हणजे 1969 ची चार्जर 500. जाळी पुढे आणून तोंडाशी सपाट केली, मागची काच छताच्या उताराला मिळवली. त्यापायी डिकीचं झाकण आखूड झालं. फोर्डने लांब नाकाची टोरिनो टॅलाडेगा उतरवून उत्तर दिलं. मग आली चार्जर डेटोना: पुढे 18 इंची निमुळतं पोलादी नाक, त्यात दडणारे दिवे, खाली हवा कापणारी पट्टी आणि मागे 23 इंच उंच पंख. शर्यतीसाठी अशा किमान 500 गाड्या विक्रीला काढाव्या लागत. डेटोना बनल्या 503.

डिकी उघडता यावी म्हणून पंख एवढा उंच केला, असं मोठ्या हौसेने सांगितलं जातं. झाकण त्याखाली उघडतं, हे खरं. पण उंचीचा मोठा फायदा वेगळाच: छतामागच्या खवळलेल्या हवेच्या वर, स्वच्छ प्रवाहात पंख काम करतो. विमानाचा पंख उलटा बसवल्यासारखा तो मागची चाकं खाली दाबतो, आणि त्याचे उभे खांब गाडीची शेपूट सरळ ठेवतात. पुढच्या मडगार्डवरच्या उलट्या झडपाही निव्वळ शोभेच्या नव्हेत. शर्यतीची गाडी इतकी खाली बसवलेली असे की टायर मडगार्डला घासत; तिथे भोक पाडून वर हे झाकण.

24 मार्च 1970 रोजी अलाबामातल्या टॅलाडेगाच्या ट्रॅकवर शर्यतपटू बडी बेकरने डेटोनातून ताशी 200.447 मैल, म्हणजे सुमारे 322.6 किलोमीटर वेग गाठला. पुढच्याच वर्षी नॅस्कारने अशा गाड्यांना 305 घन इंचांच्या इंजिनाची मर्यादा घातली आणि खेळ संपला.

टीव्हीने मात्र पंखाची डेटोना निवडली नाही. 1979 ते 1985 दरम्यान सीबीएस या अमेरिकी वाहिनीवरच्या ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ मालिकेत साधी 1969 ची नारिंगी चार्जर ‘जनरल ली’ म्हणून उडत राहिली. (छतावरच्या कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या झेंड्यामुळे ती पुढे वादातही सापडली.) इथे नाकाची तक्रार नेमकी उलटी. इंजिन पुढे, म्हणजे वजन पुढे. उडीसाठी रचलेल्या चढावरून पुढची चाकं आधी सुटतात. चार्जरच्या दोन्ही आसांमध्ये जवळपास तीन मीटर अंतर. ताशी 80 किलोमीटरला मागची चाकं सुमारे 0.13 सेकंदानंतर सुटतात. तेवढ्यात नाक खाली वळू लागतं आणि हवेत ते वळतच राहतं. उपाय म्हणून डिकीत वाळू किंवा काँक्रीटचं वजन भरत.

1978 च्या नोव्हेंबरमध्ये जॉर्जियातल्या ऑक्सफर्ड कॉलेजच्या आवारात चित्रित झालेली मालिकेतली पहिली उडी 16 फूट उंच आणि 82 फूट लांब होती. 16 फुटांवरून खाली यायला एक सेकंद लागतो आणि जमिनीवर आदळतानाचा उभा वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास असतो. हा धक्का स्प्रिंगांच्या आवाक्याबाहेरचा. चार्जरला वेगळी चॅसी नाही, सांगाडा आणि पत्रा एकच. त्यामुळे पुढची बाजू दुमडली की गाडी सरळ करणं परवडत नाही. मोठ्या उडीनंतर ती बहुधा भंगारातच जाई. मालिकेत सगळ्या मिळून अंदाजे तीनशे गाड्या कामी आल्या, आणि अखेरच्या काळात बऱ्याच उड्या रिमोटवर चालणाऱ्या छोट्या प्रतिकृतींकडून मारून घेतल्या गेल्या.