थंड मुलखातील अंजीर : मुळे कोंडण्याच्या सल्ल्याची पार्श्वभूमी

मुंबईतील अनेक मराठी घरांतले कोणी ना कोणी आता लंडनच्या उपनगरात, न्यू जर्सीत किंवा टोरांटोच्या आसपास स्थायिक झालेले असते, आणि तिकडे घरामागे थोडी जमीन हाती आली की अंजिराचा विषय निघतोच. दादरच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारात पुरंदरची अंजिरे खाऊन वाढलेल्या माणसाला परदेशी दुकानातले अर्धकच्चे अंजीर पसंत पडत नाही. त्याचे कारणही सरळ आहे: अंजीर झाडावरून उतरवल्यावर आणखी गोड होत नाही आणि पिकलेले अंजीर प्रवास सोसत नाही. सासवडकडचा माल रातोरात मुंबईत पोहोचतो, म्हणून आपल्याला ते खरे पिकलेले मिळते. थंड देशात ते हवे असेल तर झाड दारातच असावे लागते. मग जो तो पहिला सल्ला वाचतो तो असा, की अंजिराची मुळे कोंडल्याशिवाय ते फळत नाही. हा सल्ला कुठून आला आणि तो कुठे लागू पडतो, हे पाहिले तर थंड मुलखातील अंजीर लागवडीचा बराचसा इतिहास उलगडतो.

अगदी जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. जॉर्डनच्या खोऱ्यातील गिलगाल येथे सापडलेली सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची जळकी अंजिरे परागीभवनाशिवाय धरलेली असावीत, असा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. ती मुद्दाम लावलेल्या झाडांची होती की रानातली, यावर मतभेद आहेत. पण परागीभवनावाचून फळ धरणारे झाड माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते, एवढे त्यातून दिसते. उत्तरेकडच्या प्रवासात हाच गुण निर्णायक ठरला. अंजिराचे परागीभवन करणारी इवलीशी गांधीलमाशी नर झाडाच्या फळांत हिवाळा काढते. जिथे ती फळे गारठून मरतात तिथे माशीही टिकत नाही. त्यामुळे परागीभवनाशिवाय फळ न धरणारे स्मर्ना गटातील अंजीर थंड देशात लावले की त्याचे फळ कोवळेपणीच गळते. कॅलिफोर्नियासारख्या उबदार प्रांतातही १८८०च्या दशकात आणलेली स्मर्नाची झाडे फळे गाळत राहिली आणि १८९९ साली माशी तिथे स्थिरावल्यावरच ती फळू लागली. मशीद बंदरच्या सुक्या अंजिरातले बी पेरून परदेशात रोप करणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे: त्या रोपांपैकी निम्मी नर निघतात आणि उरलेल्या बहुतेकांना माशी लागते.

थंडीपासून झाड राखण्याची युक्तीही जुनीच आहे. चौथ्या शतकात पॅरिसमध्ये हिवाळा काढलेल्या एका रोमन सम्राटाने लिहून ठेवले आहे, की तिथले लोक थंडीच्या दिवसांत अंजिराला गव्हाच्या काडाने गुंडाळतात. पुढे सतराव्या शतकात व्हर्सायच्या राजबागेत शेकडो झाडे लाकडी खोक्यांत वाढवली जात आणि हिवाळ्यात आत नेली जात. पॅरिसजवळच्या आर्जांत्योय गावाने याहून कष्टाची वाट धरली. तिथे झाडाला उंच खोड करू न देता बुडख्यापासून अनेक लवचिक फांद्या ठेवीत, हिवाळ्याआधी त्या चरात वाकवून मातीखाली गाडीत आणि वसंतात पुन्हा उघड्या करीत. फळ पिकण्याच्या बेताला आले की त्याच्या डोळ्यावर, म्हणजे टोकाच्या छिद्रावर, ऑलिव्ह तेलाचा थेंब लावीत, म्हणजे ते काही दिवस आधी पिके. तेलामुळे फळात इथिलीन वायू तयार होऊन ते पिकते, हा उलगडा विसाव्या शतकात झाला. माळ्यांना ते आधीच अनुभवाने ठाऊक होते.

इंग्लंडची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि सल्ल्याचे मूळ तिथेच आहे. ऑक्सफर्डमध्ये १६४८च्या सुमारास सीरियाकडून आणून लावलेले झाड प्रसिद्ध आहे, आणि दक्षिण किनाऱ्यालगत चुनखडीच्या, चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत अठराव्या शतकापासून अंजिराच्या बागा होत्या. परंतु अंजिराची लागवड शास्त्र म्हणून लिहिली गेली ती एकोणिसाव्या शतकात, श्रीमंत घराण्यांच्या भिंतबंद बागांमध्ये. दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीला फांद्या पंख्यासारख्या पसरून बांधायच्या, कारण ती भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब सोडते, ही पद्धत तेव्हा पक्की झाली. याच माळ्यांनी असेही नोंदवले की खतावलेल्या खोल मातीत अंजीर माजते: लांबच लांब पालेदार फांद्या येतात, फळे थोडी धरतात आणि ते कोवळे लाकूड पहिल्याच कडाक्यात मरते. त्यावर त्यांनी उपाय काढला तो मुळे कोंडण्याचा. सुमारे ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा, त्याच्या चारही बाजूंना उभ्या फरशा लावाव्यात, तळाशी विटांचे तुकडे ठासावेत आणि त्यात झाड लावावे. आजही इंग्रजी बागकामाच्या माहितीपत्रकांत हेच माप जवळजवळ जसेच्या तसे आढळते.

या उपायामागचा विचार खोटा नाही. भूमध्य समुद्राच्या काठी अंजीर पडक्या भिंतीच्या सांध्यांतून उगवते, आणि त्याच कुळातला पिंपळ मुंबईच्या चाळींच्या भिंतींतून उगवताना आपण पाहतोच. अडचणीच्या जागी जगणे या कुळाला जमते. पुरंदरचा शेतकरीही झाडाचा माज उतरवतोच, पण त्याची रीत निराळी आहे. तो पाणी तोडून झाडाला ताण देतो, पानगळ होऊ देतो, छाटणी करतो आणि मग पाणी सोडून बहर धरतो. खट्टा बहर घ्यायचा की मिठा, म्हणजे वर्षातला फळाचा कोणता हंगाम धरायचा, हे तो ताणाच्या आणि छाटणीच्या वेळेवरून ठरवतो. दख्खनमध्ये थंडी झाडाला पुरती झोपवत नाही, म्हणून विश्रांती पाण्याच्या हिशेबाने द्यावी लागते. इंग्लंडमध्ये पाऊस हाताबाहेरचा असल्याने पाणी तोडता येत नाही, म्हणून मुळांचीच जागा तोडली गेली. या अर्थाने फरशांचा खड्डा हा त्या दमट, थंड उन्हाळ्याच्या देशातला ताणच होता.

वाद सुरू होतो तो पुढे. कोंडलेले झाड उन्हाळ्यातल्या कोरड्या आठवड्यांत लवकर सुकते आणि वाढती फळे टाकते, त्यामुळे त्याला नेमाने पाणी घालावे लागते. त्या श्रीमंत घराण्यांच्या बागेत त्यासाठी पगारी माळी असत. नोकरी सांभाळून बाग करणाऱ्या आजच्या घरात तसे कोणी नसते. शिवाय काही वर्षांत मुळे तळातून निसटतातच, आणि तरीही अशी निसटलेली झाडे फळत असल्याचे अनुभवी बागकार सांगतात. मूळ जमीन मुरमाड वा चुनखडीची असेल तर खड्ड्याची गरजच उरत नाही, कारण जमीनच ते काम करते. मला स्वतःला असे वाटते की सल्ल्यातले मुख्य घटक ऊब देणारी भिंत, बेताचे खत आणि छाटणी हे होते. फरशा डोळ्यांना दिसतात आणि मापात सांगता येतात, म्हणून त्यांनाच श्रेय मिळत गेले.

याहून महत्त्वाची बाब अशी, की हा सल्ला एका विशिष्ट फळासाठी होता. इंग्लंडचा हिवाळा तसा सौम्य असतो, उन्हाळा मात्र अपुरा पडतो. त्या वर्षीच्या नव्या फांदीवर धरलेले फळ तिथे पिकत नाही. शरद ऋतूत फांदीच्या शेंड्याशी असलेली वाटाण्याएवढी फळे थंडीत टिकून पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिकतात, आणि त्याहून मोठी झालेली हिरवी फळे हिवाळ्याआधी खुडून टाकावी लागतात. म्हणजे तिथे सारे पीक जुन्या शेंड्यांच्या जगण्यावर अवलंबून असते, आणि म्हणूनच आखूड, टणक, पक्व फांदीला एवढे मोल आहे.

न्यू जर्सीत परिस्थिती उलटी आहे. तिथला उन्हाळा कडक व लांब असतो, पण हिवाळ्यात पारा उणे १५ अंशांपर्यंत किंवा त्याखालीही जातो, आणि अंजिराचे जमिनीवरचे लाकूड साधारण उणे १० अंशांच्या आसपास मरू लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्कच्या परिसरात आलेल्या इटालियन स्थलांतरितांनी तिथे अंजीर रुजवले ते झाड तरटात आणि डांबरी कागदात गुंडाळून, वर बादली उपडी घालून, किंवा आर्जांत्योयप्रमाणे आडवे करून गाडून. त्यांचा भर नव्या फांदीवरच्या मुख्य पिकावर होता. वरचे झाड गोठून मेले तरी पाचोळ्याखाली जिवंत राहिलेल्या मुळांतून जोमाने फुटवा यावा आणि शरद ऋतूपर्यंत त्यावर फळ पिकावे, यासाठी मुळांना खोल, मोकळी जागा हवी. अशा ठिकाणी फरशांचा खड्डा झाडाची नेमकी तीच ताकद हिरावून घेतो. तरीही इंग्रजी माहितीपत्रकातला सल्ला तिकडे, आणि तिकडून आपल्या नातेवाइकांच्या घरगुती चर्चेत, कसलाही बदल न होता पोहोचला आहे. हे मला खटकते, कारण यात झाडाची आणि लावणाऱ्याची तीन-चार वर्षे सहज वाया जातात.

टोरांटोकडे उन्हाळाही आखूड, त्यामुळे अलीकडे तिथे मोठ्या कुंडीचीच रीत रूढ होत आहे. पाने गळाल्यावर कुंडी गोठणबिंदूच्या थोड्या वर राहणाऱ्या गॅरेजमध्ये न्यायची, हिवाळाभर जेमतेम ओल ठेवायची आणि शेवटचे गोठवणारे दहिवर पडून गेल्यावरच बाहेर काढायची. कुंडी बाहेरच राहिली तर मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गोठतात, हे विसरता येत नाही. जातींपैकी हार्डी शिकागो मुळांतून पुन्हा फुटण्यासाठी आणि नव्या फांदीवर लवकर पिकण्यासाठी नावाजलेली आहे. ब्राउन टर्की मात्र चौकशी करूनच घ्यावी, कारण इंग्लंडमध्ये या नावाने मिळते ते झाड आणि कॅलिफोर्नियात त्याच नावाने मिळते ते झाड एक नव्हे.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याच्या फाट्यांची, म्हणजे लावण्यासाठी कापलेल्या फांद्यांची, मागणी परदेशातल्या नातेवाइकांकडून अधिकच होऊ लागली आहे. हे झाड माशीवाचून फळते, त्यामुळे तिथे फळ धरायला अडचण नसावी. पण ते ताण आणि उन्हाळा यांच्या मेळावर पोसलेले आहे, आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय फाटे सामानात घालून नेणे बेकायदेशीर आहे. ज्याला लावायचे आहे त्याने आपल्या गावचा हिवाळा किती उणे जातो आणि उन्हाळा किती महिने टिकतो, हे आधी पाहावे, तिथल्याच रोपवाटिकेतून जात निवडावी, आणि फरशा आणण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.